विकलेल्या घरातले पाहुणे

टेम्पोत सगळं भरून झालं होतं. आईची शिलाई मशीन, पितळेची घागर, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या. आई स्वतः ड्रायव्हरशेजारी पर्स मांडीवर घेऊन केव्हाची बसली होती. "विहिरीचो पंप बंद केलंय काय बघून येतंय," असं म्हणून बाबा मागच्या आवारात गेले ते गेलेच. मी शोधायला गेले तर पंपाकडे कोणी नाही. बाबा सुरंगीच्या झाडाखाली जागेवाल्या देवाच्या दगडासमोर हात जोडून उभे होते, पण तोंडातून शब्द नाही. मला बघून म्हणाले, "आज जमणा नाय गो बाय. आज रवया."

आईने पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि ती टेम्पोतून उतरली. मी फार वैतागले होते. घराचं खरेदीखत कधीच झालं होतं. समुद्राकाठच्या तोंडवली गावातलं ते घर आता आमचं नव्हतं, संदीपचं होतं, आणि संदीपची बायको अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती. "बरं झालं वं काकू, मी भात जास्तीचाच लावलाय."

तुम्ही जे गावातच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे घाट चढून किंवा समुद्र ओलांडून गेलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. घर विकल्यावर त्याच घरात पाहुणा म्हणून राहणं ही काय चीज आहे, ते आमच्या बाबांकडून शिकावं.

मी एकुलती एक. नोकरीसाठी कोल्हापूरला गेले आणि तिथलीच झाले. आईचे गुडघे विहिरीच्या पायऱ्यांना कंटाळले होते. माझ्याच बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट मिळाला तेव्हा सगळ्यात आधी खूश झाली ती आईच. "चोवीस तास नळ आसा मां? मग माका आनी काय नको." संदीप कोल्हापूरजवळचाच. त्याला समुद्राकाठी पर्यटकांसाठी खोल्या चालवायच्या होत्या. म्हणजे आम्ही घाट चढणार आणि ते उतरणार, अशी सरळ अदलाबदल. सही झाल्यावर बाबांनी अगदी शाळेतल्या शुद्ध मराठीत विचारलं, "सामान आवरेपर्यंत थोडे दिवस राहू द्याल का?" संदीप म्हणाला, "रहा की गुरुजी. घर कुठं पळून चाललंय?"

ते थोडे दिवस काही संपेनात. संदीप, अश्विनी आणि संदीपची आई आक्का पुढच्या खोल्यांत, आईबाबा मागच्या. मी शनिवारी घाट उतरून जायचे तेव्हा तिथली तऱ्हा बघून मला हसू आवरत नसे. संदीप हातोडी घेऊन यायचा, "गुरुजी, भितीला खिळा मारू काय?" आणि बाबा उत्तर द्यायच्या आधी विचारायचे, "मी पडवीत बसलो तर चालेल ना?" दोघेही एकमेकांची परवानगी मागत दारात अडकून. कोणी आलं की आई आणि अश्विनी दोघीही चहा टाकायच्या. पोस्टमन आमच्याकडे त्या दिवसांत रोज दोन कप चहा पिऊन गेला. अश्विनीने बांगड्याच्या आमटीत कांदा-लसूण मसाला घातला तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण ती जेवली, आणि हळूच वाटी पुढे करून म्हणाली, "वायच आनी घाल."

बाबांचं तर विचारूच नका. माझ्या लहानपणापासून विहिरीचा रहाट करकरत होता, न्हाणीघरावरची दोन कौलं गळत होती. "बघूया" या एका शब्दावर बाबांनी ती आयुष्यभर तशीच ठेवली. घर विकलं मात्र, आणि माणूस शिडीवर! रहाटाला तेल, कौलं नवी, फाटकाला रंग. मी म्हटलं, बाबा, हे आता कशाला? तर म्हणतात, "लोकांचा घर आसा. असा कसा ठेवतलंव?"

पण खरं कारण आईला ठाऊक होतं. "जागेवाल्याक सांगूक धीर होणा नाय तेंका."

आमच्याकडे जागा कागदावर ज्याच्या नावाची असेल त्याची असते, पण तिचा राखणदार वेगळा. तो जागेवाला. बाबा त्याला रोज सांगूनच घराबाहेर पडायचे. शाळेत जाताना सुद्धा, "येतंय हां." मी पहिल्यांदा कोल्हापूरला निघाले तेव्हा एसटी चुकायची वेळ आली होती, तरी मला सुरंगीखाली उभी केली होती. "बाय माझी परगावी जाता, तिच्यार नजर ठेव." तेव्हा मला लाज वाटली होती, बसमध्ये मात्र फार धीर वाटला होता. सगळ्यांचं जाणं त्यांनी त्या दगडाला सांगितलं. स्वतःचं जाणं सांगायची वेळ आली आणि त्यांची वाचाच बसली. दरवर्षी नारळ ठेवून "आमी तुझीच लेकरां" असं म्हणणाऱ्या माणसाने आता तुला विकून चाललो म्हणून कसं सांगायचं? आणि न सांगता गेले असते तर बाबा कोल्हापुरात एक दिवसही सुखाने जगले नसते. मला ते कळत होतं, म्हणून मी टेम्पोवाल्याला परत बोलवायचं धाडस करत नव्हते.

ही गाठ सोडवली आक्कांनी. एका रविवारी सकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "गुरुजी, आमी हितं नवं. तुमच्या द्येवाला आमची वळख कोन करून देनार?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. ओळख करून देणं हे त्यांना चांगलं जमणारं काम होतं. नव्या मुलांना वर्गात बसवायचं त्यांनी जन्मभर केलं होतं. ते तडक उठले, अंघोळ करून आले, नारळ सोलायला घेतला आणि तिघांना झाडाखाली रांगेत उभं केलं. "मी गाऱ्हाणं घालीन, म्हणजे देवाकडे मागणं मागेन. मी थांबलो की तुम्ही मोठ्याने म्हणायचं, व्हय म्हाराजा. कळलं?"

"व्हय," तिघे म्हणाले.

बाबांचा आवाज लागला. "बा जागेवाल्या म्हाराजा, आज ही नवी लेकरां तुझ्या पायाकडे नारळ ठेवून उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका सांभाळ. तेंच्या घरादाराक बरकत दी."

"व्हय म्हाराजा!"

"आनी आमी…" बाबा थांबले.

"व्हय म्हाराजा!" तिघेही खणखणीत ओरडले.

बाबांनी मान वळवून बघितलं. पुन्हा सुरुवात केली. "आमी आता हयसून…"

"व्हय म्हाराजा!"

अश्विनीला वाटलं आपला आवाज कमी पडला, म्हणून ती आणखी जोरात ओरडली. आई पदर तोंडात कोंबून हसायला लागली, मग मी, आणि मग बाबांचेच खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, अशा अवस्थेत त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "आमी जातंव म्हाराजा. राग धरू नको. चुकला माकला पोटात घाल. आनी ह्यांका मदीच ओरडूची सवय आसा, ती तेवडी संभाळून घे!"

या वेळी व्हय म्हाराजा सगळ्यांनी मिळून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा बाबा सगळ्यांत आधी चढून बसले.

आता आई कोल्हापुरी झाली आहे. भाजीवाल्याला "लई महाग लावलंस रं" म्हणते, नळ सोडून उगाचच पाणी बघत बसते. बाबांना सोसायटीचं पार्किंग शिस्तीत लावायचं काम मिळालंय. मासे चांगले मिळत नाहीत ही तक्रार आहेच, ती राहू दे.

वर्षाने संदीपने नारळ ठेवायला आम्हाला बोलावलं. आम्ही पडवीत पाहुण्यासारखे बसलो, चहा एकाच बाईने केला. सुरंगीखाली या वेळी गाऱ्हाणं संदीपने घातलं, अर्धं मालवणी, अर्धं कोल्हापुरी. आपल्या माणसांसाठी मागून झाल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "आनि म्हाराजा, ह्या जागेची जी मानसं घाटावर गेल्यात, त्येंच्यावर बी नजर ठेव. काकूंचं गुडघं दुखू देऊ नको, त्येंच्या लिफ्टची लाईट जाऊ देऊ नको."

आईने बाबांना कोपर मारलं. तेव्हा बाबा इतक्या मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणाले की माडावरचे कावळे उडाले. मी तर चक्क रडले, आणि फार बरं वाटलं.

घर गेलं म्हणून हळहळणारे नातेवाईक मला अजून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण आमच्या बिल्डिंगची लाईट गेली की आई लिफ्टच्या बंद दारासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि मला म्हणते, "संदीपाक फोन लाय गो. औंदा नारळ ठेवूक इसारलो दिसता."