कोठाराची ओल

गावात जुनं म्हणून दाखवण्यासारखं तीनच: ओढ्यावरचा कमानींचा पूल, चौकातला दगडी हौद आणि धान्याचं कोठार. पूल आणि हौद लोकांच्या सवयीचे झाले होते. कोठाराचा मात्र गावाला अभिमान होता. दुमजली इमारत, हातभर जाडीच्या दगडी भिंती, खाली वाचनालय आणि वर गावच्या गवंड्याच्या सुनेचा शिवणवर्ग. धान्य साठवणं कधीच थांबलं होतं, तरी पत्ता सांगताना लोक 'कोठाराच्या अलीकडे', 'कोठाराच्या पलीकडे' असंच म्हणत.

गवंडी उंच आणि किडकिडीत होता, चालताना कमरेत जराही न वाकणारा. चौकात किराणा दुकान चालवणाऱ्या त्याच्या मेहुण्याने त्याला 'ओळंबा' म्हणायला सुरुवात केली. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. नाव गावभर झालं. गवंड्याने वरवर नाक मुरडलं, पण आतून त्याला ते आवडलं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी कोठाराच्या तळाची दर्ज झडायला लागली. दगडांमधला चुना नखाने खरवडला तरी भुकटी होऊन पडायचा. गवंड्याला ते बघवेना. त्याने स्वतःच्या घरचं सिमेंट नेलं आणि भिंतीला बाहेरून गुडघाभर उंचीचा गिलावा केला. थापीने घोटून घोटून असा गुळगुळीत केला की येणारेजाणारे हात फिरवून बघत. सगळ्यांनी पाठ थोपटली.

पुढच्या वर्षी गिलाव्याच्या अगदी वर ओल दिसली. दगडावर पांढरी खारट पूड धरली आणि पापुद्रे सुटायला लागले. आपण कमी उंचीवर थांबलो, असं त्याला वाटलं. त्याने गिलावा वीतभर वाढवला. त्यानंतर ओल आणखी वर. दर पावसाळ्यानंतर हा पाठशिवणीचा खेळ चालू राहिला. गिलावा कमरेला आला, छातीला आला, मग स्टुलावर उभं राहून करावा लागला.

"भिंतीला स्वेटर विणताय की काय?" बायको म्हणायची. "दर वर्षी आपल्या दोन ओळी वाढतातच."

"थंडी वाजते तिला," तो म्हणायचा.

मग एका संध्याकाळी सून घरी येऊन म्हणाली, "बाबा, कोपऱ्यातलं शिलाई मशीन पुढे सरकतं. मी रोज मागे ढकलते, रोज पुढे येतं."

"एखादी फळी वाकली असेल. बघतो." पण चार दिवस तो गेला नाही.

सरकारी कार्यालयातून जुन्या इमारतींची पाहणी करायला इंजिनीअर बाई आल्या, तेव्हा तो आपणहून बरोबर गेला. बाईंनी लहान हातोडीने भिंत ठोकत ठोकत सबंध फेरी मारली आणि विचारलं, "हा गिलावा कुणी केला?"

"मीच."

"काम फार सुरेख आहे, काका. इतकं सुरेख नसतं तर बरं झालं असतं. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. चुन्यातून ते बाहेर पडून वाळून जायचं. सिमेंटने भिंतीचं तोंड बंद केलं. मग ते वर वर जात राहिलं. आता तुळयांपर्यंत पोचलं असणार."

"पाणी काय शिडी लावून चढतं का, बाई?" तो हसत म्हणाला. बाई हसल्या नाहीत. वरचा मजला आजच रिकामा करा आणि सगळा गिलावा काढा, असं सांगून त्या गेल्या.

गावाला ते पटेना. एकदा कुलूप लागलं की इमारत पडकी ठरवतील आणि पाडूनच टाकतील, ही धास्ती सगळ्यांना होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात बैठक ठरली.

"दाजी, तुम्ही फक्त उभं राहून सांगा की भिंत पक्की आहे," मेहुणा म्हणाला. "तुमच्यापुढे त्या बाईंचं कोण ऐकतंय?"

बैठकीच्या दिवशी दुपारी गवंडी छिन्नी-हातोडी घेऊन कोठाराच्या मागच्या बाजूला गेला. तिकडे कुणाची ये-जा नसे. स्टुलावर चढून त्याने तुळईच्या टोकाशी गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा उडवला. आतून बंद पेटीसारखा कुबट वास आला. दगडांमधला चुना दह्यासारखा झाला होता. तुळईच्या टोकाला त्याने छिन्नी नुसती टेकवली, तर ती पावात सुरी जावी तशी आत गेली. वर मशीनं चालू होती. त्यांची थरथर छिन्नीतून त्याच्या हाताला कळत होती. कुणीतरी विनोद केला असावा, बायका हसल्या.

तो जिन्याने वर गेला आणि दारातच थांबला.

"सूनबाई, मशीनं राहू देत. तुम्ही सगळ्या खाली चला. एकेक जण, भिंतीच्या कडेने."

"अहो बाबा, हा काज तरी होऊ दे."

"आधी खाली."

त्याचा आवाज ऐकून बायका उठल्या.

बैठकीला वाचनालयात कुणी बसायचं नाही, असं त्याने सांगितलं. लोक हौदाजवळ उभे राहिले. मेहुण्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोला दाजी. पक्की आहे ना?"

"पक्की होती," गवंडी म्हणाला. "मी तिला आतून कुजवलं. बाईंचं खरं आहे."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "आणि आपण दर वर्षी ह्याचं कौतुक करत होतो." मेहुण्याने पाठीवरचा हात काढून खिशात घातला.

गिलावा काढायला बाहेरून माणसं येणार होती. गवंड्याने नको म्हटलं. आधी तुळयांना लाकडी टेकू दिले, मग छिन्नी हातात घेतली. सिमेंट सुटता सुटेना. त्याने ते जीव लावून बसवलं होतं. जिथे सुटलं तिथे दगडाचा चेहराही बरोबर घेऊन आलं. दिवसाकाठी जेमतेम दारभर भिंत मोकळी व्हायची. सुनेने वर्गातली दोन मशीनं घराच्या पडवीत मांडली. निम्म्या बायका यायच्या थांबल्या. ती त्याचा चहा वेळेवर आणून ठेवायची आणि लगेच मशीनकडे वळायची.

वरचा मजला ठेवायचा की उतरवायचा, ते भिंत वाळल्यावरच कळेल, असं बाई सांगून गेल्या होत्या. तो रोज सकाळी वरून दोरी सोडायचा. दोरी आणि भिंत यांच्यामध्ये तळाशी फट दिसायची. तो तिच्यात बोटं घालून बघायचा आणि मग भिंतीला तळहात लावायचा.

एका सकाळी मेहुणा दुकान उघडता उघडता तिकडे आला.

"काय म्हणतेय, दाजी?"

"अजून ओली आहे."

मेहुणा दुकानाकडे परत गेला. बैठकीनंतर गवंड्याला ओळंबा म्हणून कुणी हाक मारली नव्हती. त्याने दोरी गुंडाळली आणि पुन्हा छिन्नी उचलली.