पाठमोरी आई

पेणजवळच्या हमरापुरात, गणपतीच्या कारखान्यांच्या गावात, मूर्तीचे डोळे आखावेत ते रोहिणीनंच. श्वास रोखून, एका दमात. तोंडानंही ती तशीच, एक घाव दोन तुकडे. त्यामुळे कारखानदार तिच्या हाताला मान देत आणि जिभेला टरकून असत.

श्रावणात रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या गणेश मंडळाचे अंबरीश मास्तर आले. माणूस भला. यंदा युद्धाविरुद्ध देखावा करायचा, म्हणून त्यांनी एक फोटो छापून आणला होता: ढिगाऱ्यात मेलेलं लेकरू कवटाळून बसलेली आई. मूर्ती तयार होती, फक्त चेहरा हुबेहूब रंगवायचा होता.

रोहिणीनं फोटो पालथा ठेवला आणि बाईचं नाव विचारलं. मास्तरांना ठाऊक नव्हतं. फोटो काढताना तिला कुणी विचारलं होतं का, तेही नाही. पण बघितल्याशिवाय लोकांना पाझर कसा फुटणार, असं मास्तर अगदी कळवळून म्हणाले.

रोहिणीचं डोकं फिरलं. चार वर्षांपूर्वी एका कंपनीत स्फोट झाला, तेव्हा तिचा नवरा केरू पहिल्या शिफ्टला होता. घरी निरोप यायच्या आधी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला. जळालेला, उघडा. पेणच्या बाजारात अजून कुणी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, की यानं तो पाहिलाय हे तिला कळतं आणि अंगाची लाही लाही होते.

हे सगळं तिनं मास्तरांना घडाघडा सुनावलं. त्यांची मान खाली गेली.

"तो फोटो मीपण पुढं पाठवला होता, रोहिणीताई. कंपनीविरुद्ध लोक उठावेत म्हणून."

"मग, उठले?"

मास्तरांनी पालथा फोटो उचलून पिशवीत ठेवला.

"माझा माणूस तेवढा उघडा पडला. हिचं तोंड मी रंगवायची नाय. बसवायची तर लोकांकडं पाठ करून बसवा."

मास्तरांनी ऐकलं. मंडळाचे हैबतराव मात्र उखडले, पाठ बघायला कोण काळं कुत्रं येणार म्हणून. ज्याला तोंडच बघायचंय त्यानं घरी आरसा बघावा, असं सांगून रोहिणीनं त्यांना वाटेला लावलं आणि मूर्तीसोबत स्वतः टेम्पोत बसून अष्टमी गावी गेली.

चतुर्थीला रांग लागली. दिसत होती फक्त वाकलेली पाठ आणि पोराचे लोंबते पाय. बघणारे थांबत होते. काही जण मोबाईल उंच धरून पलीकडून तोंड टिपायला धडपडले. जमलं कुणालाच नाही. रोहिणीनं ती आई भिंतीला नाक लागेल इतकी सरकवून बसवली होती.