नवऱ्याच्या नावाचं कुत्रं

महाल भागातल्या कोष्ट्यांच्या गल्लीत प्रेमलतेचा नवरा जागेश्वर ते कुत्रं घेऊन आला, तेव्हा लोक दारादारांतून हसले होते. अंग लांबोडकं, पाय वीतभर, कान कोल्ह्यासारखे ताठ आणि शेपटीच्या जागी नुसता गोंडा. जागेश्वर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. तिथला एक अँग्लो-इंडियन गार्ड बिऱ्हाड गुंडाळून ऑस्ट्रेलियाला निघाला होता, त्यानं जाताना हे पिल्लू याच्या हाती दिलं. जात कॉर्गी, नाव रॉजर.

"कुत्रं व्हय का कोल्हं, गा?" शेजारच्या सिंधूताईंनी विचारलं.

"विलायती हाये," जागेश्वर म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागला. प्रेमलतेशी तो मराठीतही फारसं बोलत नसे. कुत्र्याला दूध-पोळी, कुत्र्याला ब्रश, रविवारी कुत्र्याला साबण लावून आंघोळ. प्रेमलतेला ते डोळ्यांसमोर नको व्हायचं. ती चुलीकडून मोरीकडे निघाली की मागून येऊन टाचेला तोंड लावायचं. दात रुतत नसत, पण पातळाचा काठ रोज ओला.

पंच्याहत्तर साली दिवाळीच्या तोंडावर जागेश्वरनं ट्रंक, रेडिओ आणि सायकल उचलली आणि सीताबर्डीत दुसरं बिऱ्हाड केलं. तिथं कोण होती, ते गल्लीला आधीच ठाऊक होतं. प्रेमलतेला सगळ्यांच्या शेवटी कळलं. निघताना तो उंबऱ्याशी थांबला. तिला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"तिथं घरमालक कुत्रं ठेवू देत नाही," तो म्हणाला. "दुसरी जागा भेटली का याले घेऊन जाईन. आबाळ नको करू त्याची."

बायकोसाठी नाही, म्हाताऱ्या आईसाठी नाही. परत यायचं ते कुत्र्यासाठी. ते बोलणं प्रेमलतेच्या उरात मोडलेल्या सुईसारखं राहिलं. या माणसाचा जीव एकाच गोष्टीत आहे ना, मग तीच याच्या हाती लागू द्यायची नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

पहिला विचार वाईटच होता. उमरेडच्या मोटारीत घालावं आणि वाटेत कुठंतरी सोडून यावं. दोरी बांधून ती त्याला स्टँडपर्यंत घेऊनही गेली. पण मोटार लागली तेव्हा तिच्या मनात आलं, हरवलेल्या कुत्र्यासाठी तो चार दिवस हळहळेल आणि विसरेल. त्यापेक्षा त्याला ते दिसत राहावं आणि मिळू नये. ती कुत्र्याला घेऊन घरी परतली.

घरात आता तिघं उरली होती: प्रेमलता, सासू मैनाबाई आणि रॉजर. मैनाबाईंचा माग कधीचा बंद पडला होता. प्रेमलता शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून देई, त्यावर चूल पेटे. ती मागच्या पडवीत चरख्यावर, सासू पुढच्या खोलीत. दोघी एकमेकींचं तोंड चुकवत. कुत्र्याला हे चालत नसे. ते पुढून मागे आणि मागून पुढे चकरा मारी, सासूच्या टाचेला नाक लावी, सुनेचा पदर ओढी. दोघी एका खोलीत येऊन बसल्या की मगच पाय पसरून आडवं होई.

त्याचं मर्म उलगडलं ते रुपराव गवळ्यामुळं. त्याच्या म्हशी एकदा गल्लीच्या तोंडाशी अडून बसल्या. रॉजर सुटलं आणि त्यांच्या खुरांमागं लागलं. एका म्हशीनं लाथ झाडली, तर हे जमिनीला असं चिकटलं की लाथ वरून निघून गेली. बघता बघता सगळ्या म्हशी चालू लागल्या.

"वहिनी, हे तं गुराखी हाये!" रुपराव म्हणाला. "म्हून टाचा धरते. चावून नाही राहिलं थे, हाकून राहिलं. कळपातलं कोनी पांगलं का त्याच्या जिवाले चैन नाही."

तेव्हा प्रेमलतेला कळलं, रोज संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमाराला ते उंबऱ्यात का बसतं. कळपातला एक कमी होता. तिला त्या कुत्र्याचा संतापच आला. अशी वाट तीही बघून चुकली होती.

एका संध्याकाळी ते उंबऱ्यावरून उठून सिंधूताईंच्या दारात गेलं आणि त्यांच्या नातवंडांना गोल फिरून एका कोपऱ्यात कोंडू लागलं. पोट्टे रडायला लागले. प्रेमलता "रॉजर, रॉजर" ओरडली. त्या नावाची हाक तिच्या तोंडून गेली तर ते ढुंकून बघत नसे. तिचं डोकं भणभणलं आणि तोंडातून निघालं,

"जागेश्वर! दुसऱ्याच्या दारात काय करून राहिला? घरी ये!"

गल्लीभर माना वळल्या. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. त्यानंतर प्रेमलतेनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशन दुकानदारानं विचारलं तरी ती शेजारणीला सांगायला लावी. आता तिनं ते भर चौकात फेकलं होतं. आधी सिंधूताई फिसकन हसल्या, मग सगळी गल्ली.

प्रेमलतेला ते नाव जिभेवर तिखट-गोड लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं कुत्र्याला दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही. हाकेबरोबर भाकरीचा तुकडा असे, त्यामुळं ते लवकरच शिकलं. "जागेश्वर, नालीत तोंड घालू नको." "जागेश्वर, लाज नाही का तुले, कोनाच्याही मागं जातं?" गल्लीतली पोरं, बायका, दूध घालताना रुपराव, सगळे तेच नाव घेऊ लागले.

मैनाबाई मात्र रडल्या. "अवं, माह्या पोराचं नाव हाये थे! बारशाले मी ठेवलं."

"तुमच्या पोरानं जाताना इथंच टाकलं, आत्याबाई," प्रेमलता म्हणाली. "पडलेलं होतं, मी उचललं."

गोष्ट मालधक्क्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तिथले हमालही विचारू लागले, "काय जागेश्वरभाऊ, आज भाकर भेटली का?"

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी तो तणतणत आला. सायकल भिंतीला आपटून लावली. गल्ली दारात जमली.

"माह्यं कुत्रं दे," तो म्हणाला. "काहून माह्यी इज्जत घालवून राहिली तू?"

"इज्जत तुमी ट्रंकेत घालून नेली. इथं काही ठेवली नव्हती."

त्यानं शीळ घातली. "रॉजर!"

कुत्र्याचे कान उभे राहिले. ते धावत सुटलं आणि त्याच्या पायांत लोळू लागलं, कुईकुई करत त्याचे हात चाटू लागलं. जागेश्वरनं विजयानं वर पाहिलं. प्रेमलतेच्या मनात आलं, भाकरी तिची, आणि प्रेम याच्यावर.

त्यानं वाकून गळ्याचा पट्टा धरला आणि सायकलीकडे ओढलं. तसं कुत्रं हिसका देऊन सुटलं, त्याच्या मागं गेलं आणि टाचेला झोंबलं. तो उडी मारून घराकडे सरकला. डावीकडे वळला, तर ते डावीकडे आडवं आलं. त्यानं लाथ झाडली, ते जमिनीला चिकटलं आणि पुन्हा टाच धरली. पँटीचा काठ टरकन फाटला. गल्ली हसून लोटपोट झाली. लोकांना वाटलं, धनिणीच्या बाजूनं चावतंय. एकट्या प्रेमलतेला ठाऊक होतं की ते चावत नव्हतं. हरवलेलं जनावर सापडलं होतं आणि ते त्याला घरी आणत होतं.

जागेश्वर हाकलला जात जात उंबऱ्यापाशी आला. घामाघूम, लाल. आत मैनाबाई हात जोडून उभ्या होत्या. प्रेमलतेनं बाजूला व्हायचा अवकाश होता.

ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"सोड, जागेश्वर," ती कुत्र्याला म्हणाली. "हे आपलं नाही."

कुत्र्यानं टाच सोडली. जागेश्वरनं एकदा आईकडे पाहिलं, सायकल घेतली आणि निघून गेला. वर्षभरात त्यानं बिलासपूरला बदली करून घेतली.

गल्लीनं प्रेमलतेला डोक्यावर घेतलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस कुत्रं गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसे. प्रेमलता त्याला ओढून आणी, ते पुन्हा जाई. शेवटी ती चरखा आवरून त्याच्याशेजारी जाऊन बसू लागली. जागेश्वर आलाच असता तर तिनं दार उघडलं नसतं. पण कुत्र्याला एकट्यानं बसू द्यायचं तिच्यानं होईना. हळूहळू ते तिच्याबरोबर परतायला शिकलं.

मैनाबाई गेल्या त्यानंतर पाचेक वर्षांनी. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात कुत्रंही गेलं, म्हातारं होऊन, तिच्या पायाशी. रुपरावनं त्याच्या गोठ्यामागं खड्डा खणून दिला. तिथून आल्यावर प्रेमलतेनं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि मंगळसूत्र काढून डब्यात टाकलं.

सिंधूताई हबकल्या. "अवं, नवरा जिता हाये तुह्या!"

"जागेश्वर मेला ना," प्रेमलता म्हणाली.

जागेश्वरचा चुलतभाऊ नत्थूजी बिलासपूरला जाणार होता. तिनं त्याच्याजवळ तेवढाच निरोप दिला: कुत्रं म्हातारपणानं मेलं, आबाळ झाली नाही, आणि मी कुंकू पुसलं.

नत्थूजी परतल्यावर तडक तिच्याकडे आला. "ऐकून तसाच बसून राहिला, वहिनी. दिवसभर जेवला नाही."

"खरंच जेवले नाही?"

"नाही."

"संध्याकाळी पन नाही?"

"पान्याचा घोटबी नाही."

कुत्रं गेल्यापासून प्रेमलतेनं धड काही रांधलं नव्हतं. तिनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, कांदा फोडला आणि नत्थूजीसमोरच बसून पोटभर जेवली.