अळंबीचं वाण

तो पेंढा मी उकळला होता. सुधावहिनीने नव्हे. हे वाक्य मी फार आधी, चारचौघांत म्हणायला हवं होतं... आता वहिनीला जाऊन महिना होत आला. त्या दिवशी मी नोकरीला आहे त्या औषधांच्या कारखान्यात सकाळीच दादाचा फोन आला होता, "विनू, सुधा गेली रे. छातीत कळ आली आणि संपलंच." धावतपळत मुलुंडला घरी पोचलो, तर दारातल्या बायकांपैकी एक डोळे पुसत दुसरीला म्हणत होती, "आता आपल्या अळंबीचं कोण बघणार गं?" त्या घडीलासुद्धा मला वाटलं, हे वहिनीला आत जाऊन सांगावं. काय खूश होईल!

कारण सुरुवात झाली तेव्हा याच बायका नाक मुरडत होत्या. वहिनी एका रविवारी कुठल्याशा वर्गाला जाऊन आली ती पिशवीतून बियाण्याची बाटली घेऊनच. बी म्हणजे गव्हाचे दाणे, त्यांवर पांढरं जाळं चढलेलं. चप्पल न काढताच ओरडली, "विनू, अळंबी घरात उगवते रे! पलंगाखाली!" दादा पेपरमागून म्हणाला, "पलंगावर मी झोपतो, एवढं लक्षात ठेव." दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तबेल्यावर भाताचा पेंढा मागायला गेलो. तिथला भैया हसून म्हणाला, "भाभी, भैंस कहाँ बाँधी है?" आणि शेजारच्या मालतीबाई जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय गं सुधा, कुत्र्याच्या छत्र्या खायला घालून दिराला भुंकायला लावणार काय?" वहिनी म्हणाली, "भुंकला तर बरंच आहे, चोर तरी येणार नाहीत!"

पेंढा कापायचा, रात्रभर भिजवायचा, निथळायचा आणि मग तासभर गरम पाण्यात ठेवायचा. पण उकळायचा नाही, सगळी मेख तिथेच. मला ते पटत नसे. कारखान्यात आम्ही जंतू म्हटला की मारतो, एकही ठेवत नाही. वहिनी म्हणायची, "अरे, चाळीतले वाईट भाडेकरू तेवढे हाकलायचे, चांगले राहू द्यायचे. सगळेच हाकललेस तर रिकाम्या खोलीत कोण गुंड घुसेल, सांगता येतं का?" पाण्याची उष्णता मोजायला आमच्याकडे काही नव्हतं, तर तिने युक्ती काढली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत मेणबत्तीचा तुकडा घालून, घट्ट बूच लावून, ती पळीला बांधून टोपात बुडवायची. मेण वितळलं की पाणी हवं तेवढं तापलं, मग स्टोव्ह बारीक करायचा. "वितळलं! वितळलं!" असं ती न्हाणीतून ओरडली की आई देवघरातून विचारायची, "काय गं सांडलं?"

मग निवलेला पेंढा आणि बी थराथरांनी भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती पलंगाखाली ठेवायची. आणि ती पहिली पिशवी! पेंढ्यावर सगळीकडे पांढरी साय धरली, मग एका सकाळी भोकांतून टाचणीच्या टोकाएवढे कोंब, संध्याकाळी मुगाएवढे, आणि पुढल्या दोन दिवसांत शिंपल्यांसारखे गुच्छच गुच्छ. आम्ही दोघं पलंगाखाली आडवे पडून बॅटरीने बघत होतो. त्या रात्री अळंबीचं कालवण दादाने तीनदा वाढून घेतलं.

मग संक्रांत आली आणि वहिनीने ठरवलं, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून कंगवे-वाट्या नाहीत, प्रत्येकीला बी पेरलेली एकेक पिशवी. "ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याच घरात उगवू दे, झकास!" पेंढा तापवायच्या दिवशी ती आमंत्रणं करायला बाहेर पडली आणि टोप माझ्यावर सोपवला. मेण वितळलं. मला वाटलं, एवढ्या घरांत जायचंय, जरा जास्तच शुद्ध होऊ दे... मी स्टोव्ह मोठा केला आणि तासभर खळाखळा उकळला. तिने येऊन पिशव्या भरल्या. तिचे ते चार दिवस चालू होते. आई कुरकुरली, तेव्हा हसत म्हणाली, "बुरशीला कसलं सोवळं हो, आई?"

हळदीकुंकू थाटात झालं. आठवड्याभरात घराघरांतल्या पिशव्या भलत्याच बुरशीने हिरव्यागार झाल्या, वास सुटला. "वाण दिलंस की पीडा गं?" मालतीबाई म्हणाल्या. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "सांगत होते, त्या दिवसांत हात लावू नकोस." वहिनीने दारोदार जाऊन पिशव्या परत आणल्या. रात्री मला विचारलं, "विनू, मेण वितळल्यावर आच कमी केली होतीस ना रे?" मी म्हणालो, "हो."

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा पेंढा आणायला निघाली, अशी बाई! हळूहळू बायकाही आल्या, शिकल्या. पण गेल्या हिवाळ्यात एकदा म्हणाली, "आज पिशव्या तू भर. मी बाजूला आहे." मी बघतच राहिलो. त्या दिवसांत बरणीतलं लोणचं बिनदिक्कत काढणारी ही! मग आठवलं, मधल्या हिवाळ्यांतही कधी कंबर दुखते, कधी हात भाजलाय, असं सांगून तिने मलाच बसवलं होतं. "वहिनी, तू हे मानतेस?"

"मानत नाही रे. पण तेव्हा पेंढा बरोबर, पाणी बरोबर, बी बरोबर. मग वेगळं काय होतं, सांग? दुसरं कारण सापडेपर्यंत काय करू?"

"वहिनी, पेंढा मी उकळला होता."

"किती वेळ?"

"तासभर. खळाखळा."

"म्हणजे शिजला!" ती ताडकन उठली. चेहरा उजळला; तसा उजळलेला मी तो पहिल्या पिशवीला कोंब आले तेव्हाच पाहिला होता. "शिजलाच ना रे! म्हणून हिरवा झाला! म्हणजे मी नव्हते, विनू, मी नव्हते!" मग थांबली... माझ्याकडे वळली. "आणि तू मला हो म्हणालास."

मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिच्यासमोर मी म्हटलं, "वहिनी, तुझ्या हाताने काही बिघडलं नव्हतं. पेंढा मी उकळला, तुझ्याशी खोटं बोललो, आणि तू सगळ्यांचे बोल खाल्लेस तेव्हा गप्प बसलो. चुकलो मी. मला माफ कर."