दोन गावांचं गाऱ्हाणं

लेक अमेरिकेला शिकायला जाणार हे ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उंच उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. प्रत्यक्षात नकाशावर तिचं गाव शोधताना नाकी नऊ आले. बोटांनी नकाशा मोठा करत गेले, तर आधी नुसती मक्याची शेतं, मग एक नदी, मग रेल्वेचा रूळ आणि त्या दोघांच्या मध्ये चार रस्ते. संपलं गाव! तिथल्या बारक्याशा कॉलेजात तिला शिष्यवृत्ती मिळाली होती.

"अगं, ह्यापेक्षा माझं माहेर मोठं आहे," मी म्हटलं. मी साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ. लेक नुसती हसली.

पण मला भीती वाटत होती, हे सरळ सांगून टाकते. तिचा जन्म इथला, आखातातल्या सालमियाचा. अठरा वर्षं त्याच बिल्डिंगमधल्या त्याच फ्लॅटमध्ये वाढली. आता बाहेर गेली, की तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, किती दिवस टिकेल कोण जाणे. मग जन्मगावी यायचं तर व्हिसा काढून पाहुणीसारखं यायचं. कॉलेजच्या अर्जात 'तुमच्या गावाविषयी लिहा' असा एक निबंध होता. तिने तो सोडून दुसराच विषय घेतला. का गं, म्हणून विचारलं, तर मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, की ती कुठलीच नाही, मग लिहिणार काय. आपण पोरीला सगळं दिलं आणि एवढंच द्यायचं राहिलं, असं वाटलं. कुठलीच नसलेली मुलगी अनोळखी मुलखात पाय कुठे रोवणार?

माझ्या सासरी, सिंधुदुर्गात, कुणी लांब जायला निघालं की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगायचं, की अमुक गावचं माणूस तमुक ठिकाणी चाललंय, त्याला सांभाळ. आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणत दुजोरा द्यायचा. लग्न करून आले तेव्हा मला ह्याचं हसू यायचं. आता मात्र मीच नवऱ्याच्या मागे लागले, "सुतारमामांना बोलवा."

सुतारमामा इथल्याच खैतान भागात एका खोलीत पाच जणांबरोबर राहतात. नवऱ्याच्या तालुक्यातले. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं त्यांनीच केलेली, आणि आमच्या दीड दिवसाच्या गणपतीला गाऱ्हाणं दर वर्षी तेच घालतात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावून. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिचं गाऱ्हाणं दुसऱ्याच कुणी घातलं.

शुक्रवारी सकाळी आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "वयनी, गाऱ्हाणा घालतंय, पण त्या गावची शीम खंय? राखणदार कोण? मूळचे कोण? कायच म्हायत नसताना देव कसो ऐकतलो?"

"अहो मामा, अमेरिका आहे ती! तिथे कसली गावाची हद्द आणि कसला राखणदार?"

"गाव आसा मगे राखणदार असतलोच," मामा म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

आली का पंचाईत! त्या गावाच्या वेबसाइटवर चार ओळी होत्या, त्यातल्या दोन जत्रेविषयी. शेवटी मी गावच्या वाचनालयाला ईमेल केला. क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर मला रोज इंग्रजी लिहावं लागतं, पण हे पत्र लिहिताना घाम फुटला. मी विचारलं होतं: गावाच्या चारी बाजूंना काय आहे? गाव कुणी वसवलं? गावाचं रक्षण कोण करतं? आता वाटतं, वाचनालयवाल्यांनी पोलिसांत कसं दिलं नाही मला!

पण तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्याहून हौशी निघाल्या. तीन पानी उत्तर आलं. उत्तरेला नदी, दक्षिणेला रूळ, पूर्वेला धान्याची उंच कोठारं, पश्चिमेला दफनभूमी आणि मग आभाळ लागेपर्यंत मका. गाव आधी इथे नव्हतंच म्हणे, नदीच्या पलीकडे होतं. रेल्वे अलीकडून गेली, तेव्हा लोकांनी घरं पाडली नाहीत. एका कडक हिवाळ्यात ती ओंडक्यांवर चढवली, घोडे जुंपले आणि गोठलेल्या नदीवरून अख्खं गाव ओढत आणलं. एका आजीबाईंनी म्हणे घरातून उतरायला नकार दिला आणि चुलीपाशी बसूनच नदी ओलांडली. हे मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. रक्षणाविषयी बाईंनी लिहिलं होतं, की आग लागली किंवा वादळ आलं की भोंगा होतो आणि दुकानदार, शेतकरी, शाळेतली मास्तरीण, सगळे हातातलं काम टाकून बंबाकडे पळतात. पगारी माणूस एकही नाही.

मी पुढच्या शुक्रवारी मामांना हे विजयी मुद्रेने सांगितलं. भोंग्याचं ऐकून ते खूश झाले. "तेच राखणदार! तेंका घेवया." मग थांबून म्हणाले, "पण रूळ येवच्या आदी थंय कोण होते? जमीन काय रिकामी होती?"

खरं सांगते, वैतागले मी. पण पुन्हा लिहिलं. ह्या वेळी उत्तराला आठवडा लागला. नदीकाठी मका पिकवणारे लोक होते, बाईंनी लिहिलं होतं. त्यांना सरकारने दूर दक्षिणेकडे हलवलं. त्यांची घरं काही कुणी ओंडक्यांवर नेली नाहीत. गावात त्यांचं काहीच उरलेलं नाही, फक्त नदीचं नाव त्यांच्या भाषेतलं आहे. "जन्मभर मी ते नाव उच्चारते आहे आणि त्याचा अर्थ विचारायचं मला आज सुचलं. तुमच्यामुळे." त्या लोकांचं नाव त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उच्चारासकट. मामांनी ते पाच वेळा घोकलं आणि म्हणाले, "आता झाला गाऱ्हाणा पुरा."

निघायच्या आदल्या शुक्रवारी हॉलमध्ये पाट मांडला. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेला नारळ ठेवला. मामांनी डोक्याला रुमाल गुंडाळला. सुरुवात मुलीच्या गावापासून करायची असते. नवऱ्याने आपल्या गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि लेक एकदम ताठ झाली. मामांच्या ते लक्षात आलं.

"बाय, तुझो गाव खंयचो?"

"मामा, मला गाव नाही."

"जल्म खंय झालो तुझो?"

"इथेच."

"मगे गाव नाय कसो? शीम सांग."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार, कपाळ! बावीस वर्षं मी ह्या जागेला 'इथे' म्हणत आले होते आणि साताऱ्याला 'घर'. हळूहळू तीच बोलायला लागली, मोडक्यातोडक्या मराठीत. समोर समुद्र आणि गल्फ रोड. मागे पाचवा रिंग रोड. एका बाजूला तिची शाळा. दुसऱ्या बाजूला खबूस रोटीची भट्टी, जिथला भट्टीवाला तिला लहानपणी गरम खबूसचा तुकडा तोडून द्यायचा.

"मूळचे कोण?"

"मासे पकडणारे. आणि पाण्यात खोल जाऊन मोती काढणारे. शाळेत शिकवलं होतं." मग घसा खाकरून म्हणाली, "राखणदार माहीत नाही. पण खालचा हारिस मी शाळेतून येईपर्यंत दारात उभा असायचा."

हारिस म्हणजे आमच्या बिल्डिंगचा रखवालदार. मामांनी मान डोलावली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! दर्याकाठच्या सालमियाची ही लेक आता नदीकाठच्या गावाक जाता…" मोती काढणारे आले, हारिस आला, ओंडक्यांवरची घरं आली, भोंगा ऐकून पळणारे आले, आणि ज्यांना हाकललं त्यांचं नाव मामांनी सगळ्यांत सावकाश घेतलं. "वाटेत काय आडमेळा असात तर दूर कर, तिका एकटा वाटूक देऊ नको, आणि शिकान झाल्यार परत येवची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्हा तिघांत लेकीचा आवाज मोठा होता. दाराला टॉवेल लावायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

ती गेली. घर खायला उठायचं. तीन आठवड्यांनी डेस्कवर असताना ग्रंथपाल बाईंचा ईमेल आला. दोनच ओळी: "तुमची मुलगी आज वाचनालयात आली. तू कुठली, असं मी विचारलं, तर तिने मला गावाचं नाव सांगितलं आणि मग चारही बाजू सांगितल्या."

समोर पेशंट सिव्हिल आयडीचं कार्ड घेऊन उभा आणि मी भोकाड पसरलेलं. बाथरूममध्ये जाऊन मामांना फोन लावला. साइटवर ड्रिल चालू होतं. मी ओरडून ओरडून ईमेल वाचला. ड्रिल थांबलं. मग पलीकडून मामांचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."