अंगठा उचलायची वेळ

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सव्वीस वर्षं एका वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढत होते आणि त्याच खेळांच्या बातम्या मी लिहीत होतो. मला ही नोकरी त्यांच्या शब्दावर लागली, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मी विसरू नये म्हणून ताई महिन्यातून एकदा तरी ते ऐकवायची.

माणूस भयंकर चोखंदळ. सामन्याआधी अर्धा तास कॅमेऱ्याच्या मेनूत घालवणार. फुटबॉल असेल तर फोकस सतत चालू, कारण खेळाडू थांबत नाही तर फोकसने का थांबावं. चौकटीतल्या फोकसच्या शेकडो बिंदूंपैकी एकच निवडायचा आणि तो खेळाडूच्या छातीवर ठेवायचा. मध्ये दुसरं कोणी आलं तर कॅमेऱ्याने लगेच त्याच्यामागे जायचं की जुन्यालाच धरून राहायचं, हेही ठरवता येतं. दाजी ते धरून राहण्याच्या टोकाला ठेवायचे. "कॅमेरा कसा हवा? लग्न झालेल्या माणसासारखा," असं ते नव्या फोटोग्राफरना सांगायचे, आणि ताई आसपास असली तर जरा मोठ्याने.

पण त्यांची खरी विद्या अंगठ्यात होती. साधारण माणूस फोटोचं बटण अर्धं दाबून फोकस करतो आणि पूर्ण दाबून फोटो काढतो. दाजींनी फोकसचं काम तिथून काढून मागच्या बाजूच्या, अंगठ्याखालच्या बटणाला दिलं होतं. अंगठा दाबलेला आहे तोवर कॅमेरा खेळाडूचा पाठलाग करतो. कोणी आडवं आलं की अंगठा उचलायचा. मग फोकस होता तिथेच थांबतो आणि तर्जनी फोटो काढत राहते. वाट मोकळी झाली की पुन्हा दाबायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत. कधी उचलायचा ते कळतं कसं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "शिंक येणार हे कळतं ना तुला? तसं."

मग तो अंगठा वाळायला लागला.

आधी हातातून कप निसटला, मग शर्टाची बटणं लागेनात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दोन महिन्यांत सपाट झाला. डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं आणि मज्जातंतूंचा असा आजार सांगितला की ज्याला औषध नाही. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डॉक्टर सज्जन होते, हातचं राखून काही बोलले नाहीत. मला त्यांच्या सज्जनपणाचाच राग आला.

ऑफिसात सांगायचं नाही, अशी दाजींनी आम्हाला शपथ घातली आणि त्यांची माघार सुरू झाली. हात थरथरतो म्हणून एका बिंदूऐवजी नऊ बिंदूंचा गट घेतला. तेही जमेना तेव्हा अर्धी चौकट. मग 'तूच शोध बाबा' म्हणून सगळं कॅमेऱ्यावर सोपवलं. कॅमेऱ्याला काय, तो जवळचा चेहरा धरतो. त्या आठवड्यात आमच्या पानावर गोलरक्षकाऐवजी पाणी पिणारा राखीव खेळाडू झळकला. फोकस पुन्हा फोटोच्या बटणावर आणून पाहिला, पण बटण अर्धंच दाबून धरायला जो हलका हात लागतो, तोच नेमका गेला होता. पूर्ण दाबता यायचं, अर्धं नाही. निवडायला सेटिंगच उरलं नाही.

संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. "अंतिम सामन्याला तुम्हीच जा. फोटो नीट आला तर मैदान तुमचं. नाही तर जुन्या फोटोंच्या खोलीत बसायचं." त्यांचंही काही चुकत नव्हतं, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! दाजींना आणखी चार-सहा महिने मैदानावर काढायचे होते. त्यापुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. एवढंच मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात त्यांनी कॅमेरा माझ्यासमोर ठेवला. "तुझा अंगठा दे."

"दान देऊ की उसना?"

"उसना. बघणार मी, फोटोचं बटण दाबणार मी. तू फक्त अंगठा. 'धर' म्हटलं की दाबायचा, 'सोड' म्हटलं की उचलायचा. मध्ये डोकं चालवायचं नाही."

"ते मी ऑफिसातही चालवत नाही."

दहा दिवस आम्ही गॅलरीतून रस्त्यावरच्या सायकली टिपल्या. कॅमेरा एका पायाच्या स्टँडवर, दाजींचा डोळा व्ह्यूफाइंडरला, आणि मी त्यांना खेटून, असा की माझा अंगठा त्यांच्या गालाला लागायचा. "एवढी चिकटून तर मीही कधी बसले नाही ह्यांना," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली. पहिल्या दिवशी एकही सायकल धड आली नाही. दहाव्या दिवशी दहातल्या सात आल्या. माझ्या डोक्यात हवा गेली.

सामन्याला आम्ही कोपऱ्याजवळ, मैदानाच्या कडेच्या रेषेलगत बसलो. शेवटची चार मिनिटं उरली, तरी गोल नव्हता. तेवढ्यात एका संघाचा दहा नंबरचा खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला.

"धर," दाजी म्हणाले. मी धरला. रेषेवरचा पंच झेंडा घेऊन त्याच्या बरोबरीने धावत आला आणि आमच्या पुढ्यात शिरला.

"सोड."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. पण मी मैदानाकडे बघत होतो. एकोणीस वर्षं मी गोल बघायचे पैसे घेतले होते, आणि गोल होणार हे मला दिसत होतं. माझा अंगठा होता तिथेच राहिला. कॅमेऱ्याने थोडा वेळ दहा नंबरला धरून ठेवलं, मग त्याचा धीर सुटला आणि त्याने पंचाला पकडलं. गोल झाला. मी तर ओरडलोसुद्धा.

चौदा फोटो होते. चौदाही फोटोंत पंचाची पाठ अशी सुरेख आली होती की सदऱ्याची शिवण मोजावी. त्याच्यापलीकडे रंगाचा एक फराटा.

संपादकांनी सगळे पाहिले आणि चष्मा काढला. "काय झालं?"

"उशीर झाला माझा," दाजी म्हणाले. "मध्ये माणूस आला ते लक्षातच आलं नाही वेळेवर."

मी शेजारीच उभा होतो. फरशीकडे बघत. मला वाटलं, ते मला पाठीशी घालतायत. वाटलं, मी तोंड उघडलं तर दोघांचं बिंग फुटेल, आजारही बाहेर येईल. अशी कारणं माणसाला आयत्या वेळी भराभर सुचतात. खरं कारण एवढंच की मी भित्रा आहे.

दाजी जुन्या फोटोंच्या खोलीत गेले. फोटोंखाली नावं आणि तारखा टाइप करायच्या. तीन महिन्यांनी कळा दाबता येईनात, तेव्हा घरी बसले. मग पाय गेले. आता बाहेरच्या खोलीत पलंगावर असतात. बोलणं जड झालंय. ताईला सगळं कळतं, मला निम्मं.

गेल्या रविवारी दुपारी ताई औषधं आणायला गेली होती. आता बोललो नाही तर ऐकायला हे असणार नाहीत, असं वाटून मी एका दमात सांगून टाकलं. "दाजी, त्या दिवशी तुम्ही अगदी वेळेवर 'सोड' म्हणाला होता. मी ऐकलं होतं. मी गोल बघत बसलो."

ते म्हणतील, 'ठाऊक आहे रे मला.' मग मी रडेन आणि मोकळा होईन. इथवर मी मनात मांडून ठेवलं होतं.

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"वेळेवर... म्हणालो होतो?"

"हो."

"नक्की?"

म्हणजे ते मला पाठीशी घालत नव्हते. जे म्हणाले ते त्यांना खरंच वाटलं होतं. हाताबरोबर आपली नजरही गेली, एवढा माणूस पुढ्यात आला तरी आपल्याला कळलं नाही, असं समजून त्यांनी आठ महिने काढले, आधी त्या खोलीत आणि मग या पलंगावर. हातपाय आजाराने नेले. नजर शाबूत होती, ती मी नेली.

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळायला लागलं आणि पुसायला हात उठेना. मी पुसायला गेलो, तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.