डाव्या पोटरीवरचा डाग

साठ सालाच्या आगेमागे बसवनगुडीतल्या एका कॉफी हॉटेलासमोर आम्ही मोटरसायकलवाले दर रविवारी जमायचो. तिथे माणसाची पारख पोटरीवरून व्हायची. तापलेल्या सायलेन्सरच्या चटक्याचा डाग ज्याच्या पायावर नसे त्याला सगळे 'कोरा' म्हणत, आणि कोऱ्याला नंदी डोंगराच्या फेरीला कुणी सोबत घेत नसे.

आमच्यातला एक गृहस्थ बरेच दिवस कोरा होता. कुणी काहीही म्हणो, तो कानडीत "सरी, सरी", म्हणजे 'बरोबर, बरोबर', करत मान डोलवायचा. हसायच्या आधी बाकीचे हसतायत का ते बघून घ्यायचा. मला ते खटकायचं.

एका रविवारी तो पँटचा डावा पाय वर गुंडाळूनच आला. पोटरीवर डाग होता, एका बाजूला निमुळता, इस्त्रीच्या टोकासारखा. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी विचारलं, "अण्णा, तुमच्या गाडीचा सायलेन्सर कुठल्या बाजूला?"

"उजव्या," तो म्हणाला आणि त्याची नजर आपल्या पायावर गेली. त्याने पँट हळूच खाली सोडली. त्या दिवसापासून मी सगळ्यांचेच डाग निरखून बघू लागलो.

पुढच्या रविवारी तो लंगडत आला. माझ्यासमोर बसून त्याने पँटचा पाय गुंडाळला, या वेळी उजवा. डाग अजून ओला होता आणि तसाच निमुळता.

"आता सरी?" त्याने मला विचारलं.